नाकसरळांचं परिपत्रक

चादरीचं एक टोक दोरीवर चिमट्यात अडकलं होतं, दुसरं काकूंच्या हातात होतं आणि पाणी कोपरावरून ओघळून थेट त्यांच्या बाहीत शिरत होतं. बादलीत अजून एक चादर, चार अभ्रे आणि सासूबाईंची शाल पिळून पडली होती. तेवढ्यात मागच्या दारातून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, हलू नकोस."

काकू हलल्या नाहीत. एकतीस वर्षांच्या संसारात असं त्यांना एकदाच सांगितलं गेलं होतं आणि तेव्हा मानेवर गांधीलमाशी बसली होती. त्यांनी श्वास रोखला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि फटक्याची वाट बघत राहिल्या. पण फटका आला नाही. नवरा दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून, एक डोळा मिटून, पायऱ्या चाचपडत खाली उतरला.

"ही दोरी बघ," ते म्हणाले. "त्या खांबापासून निघते आणि बघणाऱ्याची नजर हाताला धरून तुझ्यापाशी आणून सोडते. हिला नेणारी रेषा म्हणतात."

"हिला धुण्याची दोरी म्हणतात," काकू म्हणाल्या. "आणि हे टोक लागलं नाही तर ती सगळं धुणं मातीत नेईल."

"दोन पावलं डावीकडे सर. मधोमध येतेयस. मधोमध बरं नाही."

आता मात्र काकूंच्या हातून चादर खरंच सुटली. मातीत पडली, पण त्यांचं लक्ष तिकडे गेलं नाही. कारण 'मधोमध बरं नाही' हे वाक्य ज्या तोंडातून आलं, त्या तोंडाने अठ्ठावीस वर्षं जगाला मधोमध बसवण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

काकूंचे यजमान परवाना कार्यालयाच्या फोटोखोलीत छायाचित्रकार. नदीपलीकडे जायचं असो, कापडाच्या गिरणीत शिरायचं असो की हातगाडी चालवायची असो, कार्ड लागायचं, आणि कार्डासाठी याच खोलीतल्या स्टुलावर बसावं लागायचं. स्टूल जमिनीत स्क्रूने पक्कं केलेलं. मागे पांढरी भिंत. कॅमेऱ्याच्या काचेवर पेन्सिलने काढलेली एक फुली, आणि त्या फुलीवर माणसाचं नाक आलं पाहिजे. दोन कान, दोन डोळे, एक नाक. माणूस बसला की ते म्हणायचे, "नाक सरळ," आणि बटण दाबायचे. दुसरा शब्द नाही. हसू नका असंही त्यांना कधी सांगावं लागलं नाही, कारण त्यांच्याकडे बघून हसावंसं कुणाला वाटत नसे. गावाने त्यांचं नावच नाकसरळ ठेवलं होतं. माणूसही तसाच, नाकासमोर चालणारा. लग्नात बायकोकडे वळून त्यांनी उच्चारलेले पहिले शब्दही तेच होते. शेजारी फोटो काढणारा उभा होता आणि नव्या नवरीची मान कलली होती, एवढंच त्याचं निमित्त. काकू मात्र ते विसरल्या नाहीत. पुढे एकतीस वर्षं, नवऱ्याने कशासाठीही हात वर केला, अगदी दिवा लावायला केला तरी, त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

इतकी माणसं त्यांनी फुलीवर बसवली, पण बायकोचा फोटो एकदाही काढला नाही. कॅमेरा सरकारी होता आणि काकूंना कार्ड कधी लागलं नव्हतं.

आता लागणार होतं. सोमवारी ताईचं पत्र आलं होतं. काकूंची ताई नदीपलीकडे राहायची. आई गेल्यावर काकूंना तिनेच वाढवलेलं, केस विंचरण्यापासून अक्षर गिरवण्यापर्यंत. पत्रात लिहिलं होतं की घर सोडतेय, पुढच्या आठवड्यात शनिवारी मुलाबरोबर त्याच्या गावी कायमची जातेय, आणि ते गाव इतकं लांब आहे की पत्राचं उत्तर येईपर्यंत काय विचारलं होतं तेच आठवत नाही. 'एकदा येऊन जा. त्यानंतरचं आपल्या वयाकडे बघून देवच ठरवेल.' पलीकडे जाणारी बोट फक्त गुरुवारी सुटायची. हा गुरुवार तर पोस्टाच्या पिशवीतच गेल्यासारखा होता, कारण गिरणीचं कार्ड त्याच दिवशी मिळे, पण नदीपलीकडच्या कार्डाला चार दिवस लागत. उरला पुढचा गुरुवार. एकच.

नवराच फोटोखोलीत, तेव्हा काकूंना वाटलं, दोन मिनिटांचं काम. देव कुठे कुठे सोय करून ठेवतो, असं म्हणून त्यांनी पिशवीही काढून झटकली.

पण त्याच सोमवारी फोटोखोलीत परिपत्रक आलं. 'चांगल्या छायाचित्रांसाठी चौकटीची मांडणी : सात कलमे. तत्काळ अंमल करावा.' खाली गोल शिक्का. नाकसरळांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग घरी आणून जेवताना वाचलं. पहिलं कलम सांगत होतं की विषय मधोमध ठेवू नये. चौकटीचे उभे तीन आणि आडवे तीन भाग कल्पावेत आणि रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे विषय ठेवावा. दुसरं, विषयाकडे नेणाऱ्या रेषा शोधाव्यात. तिसरं, माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला मोकळी जागा सोडावी. चौथं, दार, खिडकी, फांदी अशी चौकटीत चौकट घ्यावी. पाचवं, वस्तू विषम संख्येने ठेवाव्यात, दोनांपेक्षा तीन बऱ्या. सहावं, पुढे काहीतरी ठेवावं, म्हणजे चित्राला खोली येते. सातवं, एकाच जागी उभं न राहता कोन बदलावा, कधी उंचावर चढावं, कधी जमिनीला टेकावं.

"अहो, हे कार्डांसाठी कसं असेल?" काकूंनी विचारलं.

नाकसरळांनी कागद उलटा करून शिक्का दाखवला. शिक्क्यापुढे त्यांचं कधी काही चालत नसे, आणि चालावं असं त्यांना वाटतही नसे.

"देवाने नाक मधोमध ठेवलंय," काकू म्हणाल्या. "बाजूला ठेवायचं असतं तर त्याला कुणी अडवलं होतं का?"

"देवाने नाक चेहऱ्याच्या मधोमध ठेवलं," नाकसरळ शांतपणे म्हणाले. "चेहरा कागदाच्या मधोमध ठेवा असं त्याने कुठे म्हटलंय?"

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या की लहानपणी याला रांगोळीचे ठिपके दिले असते तर आज ही वेळ आली नसती. कशाचा कशाशी संबंध, पण त्यांच्या बोलण्यात नेहमी कुठेतरी तथ्य असायचं, म्हणून नाकसरळांनी कागदाची घडी घातली.

तर बुधवारी सकाळी धुण्याच्या दोरीवरून जे सुरू झालं ते असं. चादर परत धुवावी लागली.

ऑफिसात मंगळवारचा पूर्ण दिवस स्टूल उखडण्यात गेला होता. अठ्ठावीस वर्षांचे स्क्रू, तेल पिऊनसुद्धा हलेनात. शेवटी गिरणीच्या एका फिटरने, जो कार्डासाठीच आला होता, ते काढून दिले आणि मोबदल्यात खोलीत पहिला एक-तृतीयांश माणूस होण्याचा मान मिळवला. त्याच्या कार्डावर तो डाव्या कोपऱ्यात होता आणि उरलेल्या दोन भागांत भिंत होती. फिटर म्हणाला, छान आहे, पण भिंतीला गिरणीत घेतील का ते बघावं लागेल.

काकू बुधवारपासून रोज रांगेत उभ्या राहायला लागल्या. साहेबाच्या बायकोनेही रांग सोडू नये असं नाकसरळांचं मत होतं, आणि ते तर साहेबही नव्हते. रांग आता सरळ नव्हती. दाराच्या उजव्या कोपऱ्यापासून स्टुलापर्यंत ती त्यांनी तिरकी लावली, उंच माणसं मागे आणि बुटकी पुढे, म्हणजे डोक्यांची एक रेघ उतरत उतरत विषयापाशी येते. आपला नंबर आला की माणूस विषय व्हायचा, तोपर्यंत तो रेषा असायचा. "रेषेने बोलू नये," नाकसरळ कॅमेऱ्यामागून सांगायचे, आणि रेषा पुटपुटत गप्प व्हायची.

मग बाकीची कलमं लागू होऊ लागली. एका शिंपिणीला खिडकीबाहेर उभं करून आतून फोटो घेतला, चौकटीत चौकट. एका पोस्टमनच्या पुढे खोली येण्यासाठी पाण्याचा माठ ठेवला, तेव्हा माठ स्पष्ट आला आणि पोस्टमन धूसर. जुळे भाऊ हातगाडीच्या परवान्याला आले, त्यांना पाचव्या कलमाखाली परत पाठवलं आणि तिसरा घेऊन या म्हणून सांगितलं. ते बिचारे मावसभावाला घेऊन आले. मावसभावाला हातगाडी चालवायची नव्हती, पण त्याचंही कार्ड निघालं. सातव्या कलमासाठी नाकसरळ टेबलावर चढले, आणि एका वकिलाच्या कार्डावर फक्त टक्कल आलं. वकील भांडायला लागला तेव्हा ते खाली उतरून जमिनीवर पालथे झोपले आणि दुसरा काढला. त्यात फक्त हनुवटी होती. वकिलाने दोन्ही ठेवून घेतले. म्हणाला, मधलं कोर्टाला माहीत आहे.

आणि काकूंचा नंबर आला की नाकसरळ कॅमेऱ्यामागून बाहेर यायचे, त्यांच्याकडे लांबून बघायचे, जवळून बघायचे आणि म्हणायचे, "आज नको."

पहिल्या दिवशी उजेड बरा नव्हता. दुसऱ्या दिवशी काकूंपर्यंत येता येता रांगच संपली, म्हणजे नेणारी रेषा उरली नाही. तिसऱ्या दिवशी माठ फुटला. काकूंनी घरी येऊन विचारलं की मला एक साधा भिंतीपुढचा फोटो काढून दिलात तर तुमच्या कुठल्या कलमाला ताप येईल. तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. परिपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की अंमलबजावणीच्या अहवालासोबत सातही कलमं पाळलेला एक उत्कृष्ट नमुना पाठवावा.

"तो नमुना तू," नाकसरळ म्हणाले. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते, म्हणून काकूंना रागावताही येईना. बाकीच्यांना एकेक कलम पुरत होतं. काकूंना सातही लागणार होती. एकतीस वर्षांत काढायचा राहिलेला फोटो ते एका झटक्यात भरून काढणार होते.

"गुरुवार आहे हो," एवढंच काकू म्हणाल्या.

"येतंय जमून," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी दारात दूधवाले उभे. हातात कॅन, तोंड उतरलेलं. ते गिरणीच्या कँटीनला दूध घालायचे आणि त्यासाठी त्यांना शुक्रवारी नवं कार्ड मिळालं होतं. कार्डावर ते खाली डावीकडे होते, आणि त्यांच्यामागे तिरक्या रेषेत अकरा माणसं. गिरणीच्या फाटकावरच्या रखवालदाराने कार्ड बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "यावर बारा जण आहेत. मी एकाला कसा सोडू?"

दूधवाल्यांनी त्याला समजावलं, हातापाया पडले, दूध नासेल म्हणाले. रखवालदाराचं एकच. बारा दाखवा, बारा सोडतो.

काकूंनी चूल विझवली आणि निघाल्या. दुसऱ्याचं दूध नासू देणं त्यांच्या देवाला चाललं नसतं. शिंपीण, पोस्टमन, दोन जुळे, त्यांचा मावसभाऊ, असे करत करत अकरा जण दूधवाल्यांनी घराघरांतून गोळा केले आणि फाटकासमोर उंचीप्रमाणे तिरके उभे केले. रखवालदाराने कार्ड डोळ्यांसमोर धरून एकेकाशी ताडून पाहिलं. काकूंपाशी आला तेव्हा म्हणाला, "ह्या बरोबर आहेत," आणि पुढे गेला. मग बाराच्या बारा आत गेले, कँटीनमध्ये दूध उतरवलं, रांगेने बाहेर आले. हे रोज सकाळी करावं लागेल असं रखवालदाराने बजावलं. परत येताना दूधवाले म्हणाले, "काकू, उद्या सहाला निघू. पोस्टमनना जरा लवकर उठवावं लागेल."

रविवारी आणि सोमवारीही ते बारा जण गेले. सोमवारी संध्याकाळी मात्र शहरभर बोभाटा झाला. बोटीच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीशी, तपासनीस प्रवाशांना कार्डात आहेत तसे वाकायला, झुकायला लावत होता. नव्या कार्डांची वर्गवारी करणारी कारकून बाई माणसांऐवजी माठाखाली नोंदी करून बसली होती. मंगळवारी दुपारी कार्यालयाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, जिना उतरून फोटोखोलीत आल्या. काकू त्या वेळी रांगेतच होत्या, सहाव्या दिवशी, म्हणून जे झालं ते त्यांनी स्वतः ऐकलं.

मोठ्या बाईंनी परिपत्रक मागितलं, वरचा कोपरा बघितला आणि डोळे मिटून घेतले. कोपऱ्यात 'प्रसिद्धी विभाग' असं लिहिलं होतं. पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेसाठी नवा पूल आणि सार्वजनिक बाग यांचे सुंदर फोटो काढायचे होते, त्यांच्यासाठीच्या सूचना होत्या ह्या. टपाल वाटताना पाकिटांची अदलाबदल झाली होती. फोटोखोलीचं नेहमीचं परिपत्रक प्रसिद्धी विभागात गेलं होतं, आणि तिथेही नाकसरळांसारखंच कुणीतरी इमानी माणूस असावं, कारण त्यांनी बागेतल्या प्रत्येक झाडामागे पांढरी चादर धरून समोरून फोटो घेतले होते, आणि पुलाचे दोन्ही कान दिसत नाहीत म्हणून पूल नापास केला होता.

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हुकूम लिहायला तिथल्या तिथे कागद घेतला. गेल्या सात दिवसांतली तीनशे सेहेचाळीस कार्डं रद्द. सर्वांनी नव्याने फोटोला यावं, कार्ड त्याच दिवशी मिळेल. जुन्या निगेटिव्ह नष्ट कराव्यात. आणि ही तीनशे सेहेचाळीस पूर्ण होईपर्यंत नवीन एकही फोटो काढू नये.

दिवसाला साठ-पासष्ट फोटो व्हायचे. गुरुवार परवावर आला होता.

काकूंनी बोटांवर दिवस मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. कारण त्यांना लख्ख दिसलं की आपण त्या तीनशे सेहेचाळीसांत नाही. टक्कल आलेला वकील त्यांत होता, धूसर पोस्टमन होता, हातगाडी न चालवणारा मावसभाऊसुद्धा होता. नवऱ्याने त्यांचा एक वाईट, वेडावाकडा, माठामागचा फोटो जरी काढला असता तरी त्या उद्या सकाळी पहिल्या बसल्या असत्या.

त्या संध्याकाळी काकूंनी नेहमीसारखी पानं वाढली. नाकसरळ ताटासमोर बसले होते, घास हातात, हात तिथेच. सासूबाईंनी दोनदा टोमणा मारला की चांगलं करायला गेलं की असंच होतं, म्हणून आपण कधी त्या फंदात पडलो नाही. एरवी काकू हसल्या असत्या. त्यांनी भांडी गोळा केली, हात पुसले आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"माझा फोटो चांगला यावा, एवढ्यासाठी तुम्ही तो काढलाच नाहीत," त्या म्हणाल्या. "तिला मी चांगली नको होते हो. मी हवी होते."

नाकसरळांनी घास ताटात ठेवला. काकू आत गेल्या, देवापुढे बसल्या, पण मागायचं काय ते सुचेना. देवाला बोटीचा दिवस बदल म्हणणं त्यांना पटत नव्हतं. त्या नुसत्याच बसल्या, आणि तेही त्याला समजत असेल असं त्यांना वाटलं.

बुधवारी सकाळी नाकसरळ न सांगताच निघून गेले आणि चष्मा विसरले. काकूंनी तो उशीखालून काढला. माणसावर राग धरता येतो, त्याच्या चष्म्यावर काय धरायचा, असं म्हणत त्या ऑफिसात गेल्या. फोटोखोलीबाहेर रद्द झालेल्यांची सरळ रांग लागली होती. आतल्या अंधाऱ्या खोलीचं, जिथे फोटो धुवायचे, दार लोटलेलं होतं. काकूंनी हाक मारली. आतून आवाज आला, "ये. पण सावकाश. ट्रे आहेत."

लाल दिव्यात नाकसरळ वाकून बसले होते. हुकमाप्रमाणे निगेटिव्ह नष्ट करायला ते पहाटेच आले होते, पण नष्ट करायची तरी नंबर लिहून घ्यावा म्हणून त्यांनी एकेक भिंगाखाली धरली होती, चष्मा नाही म्हणून डोळ्यांच्या अगदी जवळ. काकूंनी चष्मा दिला. त्यांनी तो लावला आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला, आणि मग भिंग काकूंच्या हातात दिलं.

जुळे आणि मावसभाऊ डावीकडे, माठ पुढे. आणि त्यांच्या मागे, रेषेत कुठे तिसऱ्या, कुठे सातव्या, काकू. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी, सोमवारी. नाकसरळांनी बटण दाबायला हात वर केला की त्यांची मान ताठ झालेली. बाकीची रेषा जांभया देत होती, कान खाजवत होती, आणि त्यांत एक चेहरा प्रत्येक वेळी सरळ समोर बघत होता. एक्केचाळीस निगेटिव्हमध्ये. नाकसरळांनी त्या मोजून वेगळ्या काढल्या होत्या.

"मला तू दिसलीच नाहीस," ते म्हणाले. "मी विषयाकडे बघत होतो."

काकूंना यावर पुष्कळ बोलता आलं असतं. त्यांनी विचारलं, "मधोमध कुठल्या फोटोत आहे?"

दूधवाल्यांच्या. दूधवाल्यांना डाव्या भागात घातल्यामुळे मधली जागा रिकामी राहिली होती आणि तिच्या मागे काकू बरोबर उभ्या होत्या, पांढऱ्या भिंतीपुढे, दोन कान, दोन डोळे, एक नाक. नाकसरळांनी ती निगेटिव्ह यंत्रात चढवली आणि चेहरा मोठा करत करत कार्डाच्या मापाचा केला. कागदावर काकू हळूहळू उमटत आल्या, थोड्या भरड, रव्यासारख्या, पण काकूच. कडेला एक कान जास्तीचा होता.

तो कान कापला तर फोटो मापापेक्षा दोन सूत लहान व्हायचा, आणि तो लहान झालेला मोठ्या बाईंनी चालवून घेतला नसता. तेव्हा कानासकट ओला फोटो घेऊन दोघं जिना चढले.

मोठ्या बाईंनी आधी हुकमाचा कागद पुढे केला. नवीन फोटो काढायचा नाही.

"हा नवीन नाही," नाकसरळ म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत ते वरिष्ठांना पहिल्यांदाच उलट बोलत होते आणि त्यांचा आवाज स्वतःलाच अनोळखी वाटत असावा. "हा शुक्रवारचा आहे. मी फक्त आज बघितला."

मोठ्या बाईंनी फोटो हातात घेतला. नाक मोजलं, कान मोजले. "तीन," त्या म्हणाल्या.

"तिसरा दूधवाल्यांचा."

"त्यांची संमती लागेल."

दूधवाले खाली रांगेत होतेच. वर आले, हात पुसून फोटो उजेडाला धरला आणि कानाच्या पाळीवरची लहानपणची चीर दाखवून म्हणाले, माझाच. मग त्यांनी सही केली, 'माझ्या कानाची हरकत नाही,' आणि काकूंकडे वळले. "काकू, निवांत बोला ताईंशी. मला तसं सगळं ऐकू येणारच आहे."

मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी दौत दोनदा उघडून बंद केली. मग कार्डावर 'ओळखीची खूण' असा जो रकाना असतो, ज्यात लोक तीळ आणि व्रण लिहितात, त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : डावीकडे दुसऱ्याचा कान. शिक्का मारला. शाई वाळायला फुंकर घातली आणि कार्ड दिलं. बाकीची चार दिवसांची कामं त्यांनी उभ्या उभ्या एका ओळीत संपवली. ती ओळ त्यांना इतकी वर्षं येत होती हे कुणालाच माहीत नव्हतं.

काकू आणि नाकसरळ परत खाली आले. रांग वाट बघत होती, वकील पुढे होता आणि आता आपलं मधलं घ्या म्हणत होता. नाकसरळ अंधाऱ्या खोलीत गेले, आणि काकू मघाशी तिथे ठेवलेली पिशवी उचलायला त्यांच्या मागून गेल्या तेव्हा त्यांनी पाहिलं. हुकमाप्रमाणे निगेटिव्हचे तुकडे डब्यात टाकलेले होते. पण प्रत्येकीतून नखाएवढा एक चौकोन कात्रीने आधी कापून घेतलेला होता, आणि ते चाळीस चौकोन काड्यापेटीत बसले होते. नाकसरळांनी काड्यापेटी घाईने खिशात सरकवली. काकूंनी पिशवीचा बंद घट्ट केला, जणू त्यांचं सगळं लक्ष तिकडेच होतं.

"जेवण झाकून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "उद्यापासून आईंना दुपारचं औषध तुम्ही द्यायचंय. परतीची बोट मंगळवारीच असते, तेव्हा येईन."

"अगं," नाकसरळ म्हणाले. रांगेतून वकील खाकरला.

काकूंनी कार्ड पदराच्या टोकात बांधलं. धक्क्यावरची खिडकी पाचला बंद व्हायची आणि चार वाजून गेले होते. त्यांना उद्याच्या बोटीचं तिकीट काढायला जायचं होतं.